स्वस्त डिझेलचं बिल

मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताई, यांनी गाडी आधीच चालू करून गरम करून ठेवलीय. उद्या सकाळी येऊ."

जुनी डिझेल गाडी बघायला जाताना शिकलेला हा पहिला धडा. गरम इंजिन खूप काही झाकतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्टार्टर मारला की ती खरं बोलते. हीटर प्लग गेले असतील तर उठायला वेळ लावते. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर नोझल नाहीतर टर्बो बघायचा. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर सरळ घरी यायचं.

मी फलटणला राहते आणि बारामतीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर. एसटीची वेळ आणि माझी शिफ्ट काही जुळेना, म्हणून गाडी घ्यायची ठरली. नवी परवडणार नव्हती. यार्डात माझ्या बजेटमधल्या तीन छोट्या गाड्या होत्या. २०१४ ची पेट्रोल, २०१३ ची एमएच-१२ पासिंगची डिझेल आणि २०१४ ची डीएल नंबरची, म्हणजे दिल्लीची, डिझेल. दिल्लीची गाडी दिसायला सगळ्यात देखणी आणि किमतीला सगळ्यात कमी.

रात्री मोबाइलवर हिशोब मांडला. पेट्रोल १०४ रुपये लिटर, अ‍ॅव्हरेज १६ धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल ९० रुपये, अ‍ॅव्हरेज २०, म्हणजे साडेचार रुपये. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. माझं रनिंग महिन्याला दीड हजार किलोमीटर, म्हणजे महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे छत्तीस हजार. डिझेलची सर्व्हिसिंग महाग, आणि नोझल किंवा टर्बोचं काम निघालं तर एका फटक्यात निम्मी बचत जाते. तरीही माझ्यासारखीला डिझेल परवडतं. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याने मात्र डोळे झाकून पेट्रोल घ्यावी.

अण्णांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "बरोबर आहे. मी पण हेच गणित मांडलं होतं. वहीत."

अण्णांनी २००३ ते २०१८ एकामागून एक अशा दोन डिझेल इंडिका भाड्याने चालवल्या. पुणे विमानतळ, शिर्डी, अष्टविनायक. माझी शाळेपासून नर्सिंगपर्यंतची फी त्या दोन गाड्यांनी भरली. आमच्या घरात पंधरा वर्षं जे गणित चाललं, ते कुणी जमवून आणलं होतं, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. तो शोधत मागे गेले.

*

रुडॉल्फ डिझेल हा पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन इंजिनिअर. सायकलचा पंप जोरजोरात मारला की त्याचं तोंड गरम होतं, हे आपल्याला माहीत असतं. हवा दाबली की तापते. डिझेलने त्यावरच इंजिन उभं केलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. इथे हवाच इतकी दाबायची की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावं. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात त्याचं इंजिन यशस्वी झालं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच धूड, ताकद जेमतेम २० अश्वशक्ती. पण इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ते कामाला लावत होतं. तेव्हाची वाफेची इंजिनं त्याच्या निम्म्यावरही पोचत नव्हती.

डिझेलला हे इंजिन लहान कारागिरांसाठी हवं होतं. मोठ्या कारखान्याशी टक्कर द्यायला छोट्या वर्कशॉपकडे स्वतःची, स्वस्तात चालणारी ताकद असावी, असं त्याचं स्वप्न होतं. तो स्वतः मात्र कर्जात बुडाला आणि २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला.

त्याचं स्वप्न आपल्याकडे शेतात उतरलं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कूपर कारखान्यात स्वातंत्र्याआधीच डिझेल इंजिनं बनत होती. कारखान्याचे संस्थापक सर धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. माझी आजी अजूनही 'इंजिन' म्हणते तेव्हा तिला मोटार किंवा रेल्वे आठवत नाही. तिला विहिरीवरचं, पाणी उपसणारं, टुकटुक वाजणारं इंजिन आठवतं.

डिझेल स्वस्त का, याचं उत्तर या विहिरीवर आहे. पंप डिझेलवर, ट्रॅक्टर डिझेलवर, ट्रक आणि एसटी डिझेलवर. डिझेल महागलं की कांदा महागणार, तिकीट महागणार. पेट्रोल मात्र स्कूटर आणि मोटारवाल्यांचं, म्हणजे सरकारच्या लेखी ऐपतदारांचं. त्यामुळे पेट्रोलवर जास्त कर आणि डिझेलला सांभाळून घ्यायचं, हे धोरण वर्षानुवर्षं चाललं. शेतकऱ्यासाठी उघडं ठेवलेलं ते दार होतं. त्या दारातून मोटारवाला आत शिरला तर काय करायचं, याचा विचार करायची बरीच वर्षं गरजच पडली नाही, कारण छोट्या मोटारीत बसेल असं बरं डिझेल इंजिन आपल्याकडे नव्हतं. डिझेल अ‍ॅम्बेसेडर होती, पुढे डिझेल पद्मिनीही आली. पण त्या चालवणारा प्रामुख्याने टॅक्सीवाला. घरच्या गाडीला तो खडखडाट, तो वास कोण सहन करणार?

*

३० डिसेंबर १९९८ ला टाटांची इंडिका बाजारात आली. ती बनवायला ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला होता. तो सुटा करून जहाजाने पुण्याला आणला होता. म्हणजे देशाची पहिली स्वदेशी बनावटीची मोटार सेकंडहँड कारखान्यात तयार झाली! तिच्या १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाला आवाज होता, पिकअप बेताचं होतं. पण छोट्या गाडीत पाच माणसं बसत आणि किलोमीटरचा खर्च पेट्रोल गाडीच्या निम्म्याजवळ येई. अण्णांसारखे हजारो ड्रायव्हर त्या हिशोबावर मालक झाले.

दुसरं वळण इटलीतून आलं. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल तंत्र आलं. एका सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल साठवायचं आणि संगणकाच्या हुकमाने हवं तेव्हा, हवं तेवढं फवारायचं. २००३ मध्ये फियाटने याच तंत्राचं १२४८ सीसीचं छोटं मल्टिजेट इंजिन काढलं. ते एका आवर्तनात पाच वेळा थोडं थोडं इंधन सोडू शकत होतं. एकदम भडका नाही, म्हणून खडखडाट कमी आणि अ‍ॅव्हरेज जास्त. २००७ च्या सुरुवातीला ते डिझेल स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत. कुणी त्याला डीडीआयएस म्हटलं, कुणी क्वाड्राजेट. बॅज वेगळा, इंजिन एकच. लोक त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले.

फियाट ते पुण्याजवळ रांजणगावला बनवत असे. अण्णा अष्टविनायकाचं भाडं घेऊन महागणपतीच्या देवळाबाहेर थांबत, तेव्हा त्यांच्या इंडिकाचा धंदा जुना करणारं इंजिन शेजारच्या एमआयडीसीतच तयार होत होतं.

आता दार पूर्ण उघडं होतं. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, डिझेलचे मात्र हातात ठेवले. पेट्रोल चढत गेलं. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! डिझेल गाडी घ्यायला लाखभर रुपये जास्त द्यावे लागत, तरी लोक महिनोन्महिने वेटिंगला थांबत. त्या काळात नव्या प्रवासी गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या.

फरकाचे ते पैसे कुणीतरी भरत होतंच. तेल कंपन्या खर्चापेक्षा कमी दराने डिझेल विकायच्या आणि ती तूट सरकार आणि सरकारी कंपन्या मिळून सोसायच्या. २०१२-१३ या एका वर्षात डिझेलवरची तूट ९२ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा कर लावा. तो लागला नाही. शेतकऱ्याच्या नावाने ठेवलेलं डिझेल मोटारीत जात राहिलं.

दुसरं बिल पैशांत मोजता येत नाही. जून २०१२ मध्ये, म्हणजे तो ३२ रुपयांचा फरक पडला त्यानंतर महिनाभरातच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो असं जाहीर केलं. त्याला तंबाखूच्याच गटात, पहिल्या वर्गात टाकलं.

*

नंतरची उतरण झपाट्याने झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही बाजारावर सुटले. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्या नियमाच्या अंमलबजावणीत बरेच चढउतार झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. छोट्या डिझेल इंजिनाला धूर गाळणारी यंत्रणा बसवायची तर किंमत इतकी वाढणार होती की मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. ते 'राष्ट्रीय इंजिन'ही थांबलं. त्याच जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं.

म्हणून छोटी डिझेल गाडी आता प्रामुख्याने जुन्या बाजारातच मिळते. आणि म्हणूनच दिल्लीची देखणी गाडी बारामतीच्या यार्डात उभी होती.

"गाडी चांगली आहे ताई," मेस्त्री म्हणाले, "तिथं चालत नाही म्हणून इथं आली."

माझ्या वॉर्डात थंडीच्या दिवसांत नेब्युलायझरला मशीन पुरत नाही. सगळं डिझेलमुळे होतं असं मी म्हणणार नाही. चूल आहे, तंबाखू आहे, उसाचं पाचट जाळणं आहे. पण दिल्लीने आपल्या मुलांच्या छातीत नको म्हणून बाहेर काढलेला धूर आपल्या रस्त्यावर स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा, हे मला जमेना. अर्थात एमएच-१२ ची गाडीही तशीच बीएस-४. दोघींच्या धुरात काही फरक नव्हता, हे मलाही कळत होतं. शेवटी दिल्लीची गाडी मी सोडली ती एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला रोड टॅक्स या कटकटींमुळे. त्याला तत्त्वाचं नाव देणं खोटं होईल.

आम्ही सकाळी सातला परत गेलो. एमएच-१२ पहिल्या सेल्फला उठली. धूर क्षणभर काळसर आला आणि विरला. मेस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवलं. ते जागेवरच थरथरत राहिलं, वाफेने उडालं नाही. टर्बोची बारीक शिट्टी ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मी टोकन दिलं.

घरी येताना अण्णांना सांगितलं, "२०२८ ला हिला पंधरा वर्षं होतील. पुन्हा नोंदणी करायची नाही. विकायचीपण नाही. सरळ भंगारात द्यायची."

"अगं, चालू गाडी भंगारात? मराठवाड्यात कुणी पण साठ-सत्तर हजार देईल की."

"म्हणूनच."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी दुसरी इंडिका मी बीडच्या एका पोराला विकली होती. अजून चालवतो म्हणे. त्याच्या पोरी शाळेत आहेत."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या पंपावर त्यांनी गाडी वळवायला सांगितली आणि पहिली टाकी स्वतःच्या पैशांनी भरली.