हतनूरचे 41 दरवाजे आणि न वाजलेला अलार्म

पावसाळ्यात जळगाव-भुसावळकडच्या कुणाचाही मोबाईल बघा, एक बातमी हमखास सापडते. हतनूरचे दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. कधी मोजकेच दरवाजे, कधी सगळेच्या सगळे 41. आपण वाचतो, अंगठ्याने वर सरकवतो आणि पुढच्या रीलवर जातो.

आज या बातमीच्या मागे जाऊया. हा इशारा तयार कसा होतो? आणि हेच काम कंपन्यांच्या सर्व्हरवर एक सर्च डेटाबेस कसं करतो? दोन्हीची गोष्ट एकच आहे, फक्त एकीत नदी आहे.

सुरुवात धुळ्यापासून. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशच्या कारभाराचं ठाणं म्हणून धुळं निवडलं आणि पांझरेकाठी पेठ वाढू लागली. 1872 मध्ये याच पांझरेला मोठा पूर आला, घरांचं आणि मालमत्तेचं अतोनात नुकसान झालं. पांझरा उगम पावते साक्री तालुक्यातल्या डोंगरात. म्हणजे पाऊस तिकडे पडतो, पाणी धुळ्यात शिरतं, आणि मधला जो वेळ आहे तोच माणसाच्या हातात असतो. तेव्हा तारयंत्र आलेलं होतं, भुसावळवरून रेल्वेही धावत होती. पण देशात पुराचा पद्धतशीर अंदाज द्यायला सुरुवात व्हायची होती, आणि त्याला अजून 86 वर्षं लागणार होती.

ती सुरुवात झाली नोव्हेंबर 1958 मध्ये, दिल्लीत, यमुनेवरच्या जुन्या रेल्वे पुलापाशी. पुढे केंद्रीय जल आयोगाचं हे जाळं देशभर पसरलं. तापीच्या खोऱ्यात बऱ्हाणपूर, पूर्णेवर येरळी, मग हतनूर, धुळे जिल्ह्यात गिधाडे, नंदुरबारमध्ये सारंगखेडा, अशी मोजणीची ठाणी आली. काम साधं वाटतं: नदीकाठच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते ठरलेल्या वेळी वाचायचं, पुराच्या दिवसांत तर तासातासाला, आणि आकडा वर कळवायचा. अंदाजाच्या ठाण्यांवर दोन रेषा ठरवलेल्या असतात. एक इशारा पातळी, दुसरी धोका पातळी. आकडा रेषेच्या खाली असेल तर नोंद करायची आणि गप्प बसायचं. रेषा ओलांडली की फोन फिरवायचे.

आता कॉम्प्युटरकडे या. ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणारा क्रॉन नावाचा प्रोग्रॅम 1970 च्या दशकात युनिक्समध्ये आला. म्हणजे घड्याळ मिळालं. 2010 मध्ये शाय बॅनन यांनी इलास्टिकसर्च आणलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी सूची करून कोट्यवधी नोंदी क्षणात शोधणारा हा डेटाबेस. लोक त्यात सर्व्हरच्या नोंदी ओतू लागले, आणि मग प्रश्न आला की रात्री तीन वाजता शोधणार कोण? म्हणून 2015 मध्ये त्याला वॉचर जोडला गेला. वॉचर म्हणजे पहारेकरीच की!

या पहारेकऱ्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कधी बघायचं, समजा दर पाच मिनिटांनी. काय शोधायचं, समजा गेल्या पाच मिनिटांत किती पेमेंट फेल झाली. अट काय, शंभराच्या वर गेली तर. आणि मग काय करायचं, ईमेल किंवा मेसेज. गिधाड्याच्या मोजणीदाराला हे समजवायला दोन मिनिटं लागणार नाहीत.

खरी गोम पुढे आहे. वॉचर दर वेळी ओरडू लागला तर माणूस फोन सायलेंटवर टाकतो. हतनूरच्या बातमीचं आपण तेच करतो. म्हणून दोन इशाऱ्यांमध्ये किमान किती वेळ जावा हे ठरवता येतं. तुम्ही काहीच ठरवलं नाही तर ते अंतर असतं अवघं 5 सेकंद, म्हणजे नसल्यातच जमा. शिवाय 'कळलं मला' असं त्याला सांगता येतं. मग परिस्थिती निवळून पुन्हा बिघडेपर्यंत तो गप्प राहतो. मला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो.

पण गोंगाटापेक्षा वाईट असते ती शांतता. समजा हतनूरच्या वरच्या एखाद्या ठाण्याचं यंत्र पुरातच बंद पडलं. आकडाच आला नाही. वॉचरने शोधलं, शून्य नोंदी सापडल्या. शून्य हे काही धोका पातळीच्या वर नाही! अट खोटी ठरली, इशारा गेला नाही, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. नदी शांत आहे म्हणून गप्प, आणि खबर देणाराच वाहून गेला म्हणून गप्प, हे दोन्ही या अटीला सारखंच दिसतं. म्हणून अनुभवी लोक दुसरा पहारेकरी बसवतात. त्याची अट उलटी असते: गेल्या तासाभरात एकही नोंद आली नाही, तर बोंब मार. उशिरा पोचणाऱ्या नोंदींचीही अशीच अडचण. दोनची नोंद दोन वाजून सात मिनिटांनी आली आणि पहारेकरी पाचलाच बघून गेला, तर ती दोघांच्या मधून निसटते. म्हणून प्रत्येक फेरीत थोडं मागचंही पुन्हा बघायचं असतं.

आणि इशारा पोचूनही सगळं सुटत नाही. ऑगस्ट 2006 आठवा. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस, आपल्या खानदेशातून गेलेलं ते सगळं पाणी गुजरातेत 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात, आणि तिथून सोडलेल्या पाण्यात सुरत शहराचा बहुतेक भाग बुडालेला. पाणी आधीच थोडं थोडं का सोडलं नाही, यावर नंतर मोठा वाद झाला. वादाचा मुद्दा तोच होता: आकडा समोर आल्यावर काय करायचं, आणि किती लवकर? डेटाबेसमध्ये ही चौथी पायरी एका ओळीची असते. धरणावर ती कुणाच्या तरी सहीची असते, आणि धरण भरलेलं ठेवावं की रिकामं, हे दोन्ही दबाव त्या सहीवर असतात.

शेवटची कडी म्हणजे तुमचा फोन. 2023 मध्ये देशभर चाचणीचे इशारे आले तेव्हा तो कर्कश वाजला होता, आठवतंय? त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश, कुणाचा नंबर माहीत असायची गरज नाही. शिवारात पाहुणा आलेला असो की ट्रकवाला, त्यालाही पोचतो. सेटिंगमध्ये जाऊन हे इशारे बंद केले असतील, तर पावसाळ्याआधी चालू करून ठेवा.

पुढच्या भागात पुन्हा पांझरेवरच येऊ, तिच्या पाण्याची वाटणी करणारी फड पद्धत समजून घ्यायला. भेटूया!