बाण आणि बाणदार

गेल्या दिवाळींत एका सायंकाळीं आम्ही कोलशेतच्या खाडीकांठीं उभे होतों. समोर ओहोटीचा चिखल, पलीकडे भिवंडी तालुक्याचा अंधुक किनारा, पाठीमागें अलीकडे उठलेल्या उंच इमारतींचे दिवे. कांहीं मुलें बाटलींत बाण उभे करून खाडीवर सोडीत होतीं. एकानें पिशवींत मावेना म्हणून बाणाची काठी अर्धी मोडली होती; तो बाण वेडावांकडा फिरून चिखलांत विझला. मुलें हंसलीं. आमच्या मनांत मात्र आलें, कीं ही काठी किती लांब असावी हें जाणणारीं माणसें एके काळीं या देशांतील फौजांत चाकरीस असत.

‘बाण’ म्हणतांच वाचकांस धनुष्य आठवेल, व कोणास पुराणांतील अग्न्यस्त्रही आठवेल. परंतु केवळ नामसाम्यावर इतिहास रचूं नये. लढाईंतला हा बाण म्हणजे दारूनें ठासलेलें व बांबूला बांधलेलें नळकांडें होतें. त्यास तोफेप्रमाणें गाडा लागत नसे, बैल लागत नसत. एक माणूस ते पाठीवर नेऊन कोठूनही डागूं शके. त्याचा नेम तोफेइतका भरंवशाचा नव्हता हें खरें. पण त्याच्या फूत्कारानें व आगीनें घोडदळ बुजे, आणि ज्या काळीं लढाईचा निकाल बहुधा घोड्यांवर अवलंबून असे, त्या काळीं हें सामर्थ्य थोडें नव्हे.

हें सामर्थ्य मराठ्यांनीं सोसलेंही व वापरलेंही. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर नजीबखानाच्या बाजूनें एकेका वेळीं दोन दोन हजार बाण सुटत होते, असें शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित सांगतो. पुढें मार्च १७९५ मध्यें खर्ड्यावर निजामाचें घोडदळ चालून आलें, तेव्हां नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेनें त्यावर बाणांचा वर्षाव केला. त्याच क्षणीं शिंद्यांकडील पेरॉननें उंचवट्यावर मांडलेल्या ३५ तोफा सुरू झाल्या, आणि तें घोडदळ बहुतेक सर्व उधळलें.

या विद्येची परमावधि मात्र म्हैसुरास झाली. हैदर व टिपू यांनीं नळकांडें लोखंडाचें केलें. त्यामुळें आंतील दाब अधिक सोसला जाऊन बाण दूर जाऊं लागला. नळकांड्याची जाडी व शत्रूचें अंतर पाहून कोन ठरविण्याचें शिक्षण तेथील बाणदारांस मिळत असे. एप्रिल १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणानजीक सुलतानपेठेच्या राईंत रात्रीं शिरलेल्या कर्नल वेलस्लीच्या तुकडीस बाणांच्या व बंदुकांच्या माऱ्यापुढें मागें फिरावें लागलें. हाच वेलस्ली पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाला.

श्रीरंगपट्टण पडलें, आणि तेथील बाण विलायतेस गेले. विल्यम काँग्रीव्ह यानें ते पुढें ठेवून वुलिच येथें प्रयोग केले. १८०६ सालीं बुलोन व १८०७ सालीं कोपनहेगन या शहरांवर इंग्रजांचे बाण पडले. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. काँग्रीव्हनें आपल्या पद्धतीचीं पुस्तकें १८०७ व १८१४ सालीं छापून काढलीं. आमच्या बाणदाराची विद्या त्याच्या हातांत होती. हात गेला, तशी विद्या गेली.

सन २०१८ मध्यें शिमोगा जिल्ह्यांतील नगर येथें एका जुन्या विहिरींतून हजाराहून अधिक लोखंडी बाण निघाले. नळकांडीं सांपडलीं, तीं कोणत्या कोनांत धरावयाचीं हें सांगणारा हात विहिरींतून कसा निघणार? खर्ड्याच्या वर्णनांत भोसल्यांचें नांव येतें, पेरॉनचें येतें; बत्ती लावणाऱ्याचें येत नाहीं.

बाण गेला याचा शोक आम्ही करीत नाहीं. तोफा सुधारल्यावर इंग्रजांनींही तो बाजूस ठेवला. शोक करावयाचा तो, कुशल माणसाच्या हातांतील ज्ञान उतरून घेण्याची संवय आम्हांस फार उशिरां लागली, याचा. आजही कित्येक कारागिरांच्या बाबतींत ती पुरती लागली आहे, असें म्हणवत नाहीं.

आम्हीं त्या मुलास जवळ बोलावून काठीचें कारण सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला, आणि पुढचा बाण काठी न मोडतां लावला. तो खाडीवर सरळ उंच गेला.