मत्स्यपेटीतला प्राणवायू येतो कोठून?

राहनाळ हे भिवंडीला लागूनच असलेले गाव. एका अंगाला यंत्रमागांची खडखड, दुसऱ्या अंगाला गोदामांच्या रांगा. इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी दोन फूट लांबीची मत्स्यपेटी ठेवली. तीत सहा गोल्डफिश, थोडा हायड्रिला आणि बुडबुडे सोडणारा हवेचा पंप. मार्चअखेरच्या एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. पंप थांबला. तास-दोन तासांत मासे वर आले आणि तोंडे उघडून पाण्याच्या पृष्ठभागाशी घुटमळू लागले. मुलांना वाटले, त्यांना भूक लागली. त्यांनी खाद्य टाकले आणि आम्हीही त्यांना अडवले नाही. शिवाय पाण्यात हायड्रिला आहे, तो प्राणवायू सोडतोच, अशी आमची खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडली तेव्हा दोन मासे मेलेले होते.

मुलांनी विचारले, "वनस्पती होती, मग मासे का मेले?" पाठ्यपुस्तकाच्या भाषेत या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना लक्षात आले, की दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता आणि त्यांचीही आमच्यासारखीच फसगत झाली होती.

पाण्यात विरघळलेली हवा

पाण्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, तोच मासे घेत असतील, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. ते खरे नाही. रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनशी घट्ट बांधलेला असतो आणि माशाचे कल्ले त्याला सोडवू शकत नाहीत. मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. हम्बोल्ट आणि प्रोव्हांसाल या दोघांनी माशांच्या श्वसनावरचे आपले प्रयोग १८०९ साली प्रसिद्ध केले. मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कसा वापरतात, हे त्यांनी मोजमाप करून दाखवले.

त्याआधी १७७१ साली जोसेफ प्रीस्टले यांनी पाहिले होते, की मेणबत्ती जळून 'बिघडलेली' हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा सुधारते. १७७९ साली यान इंगेनहाउस यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. वनस्पती हे काम फक्त उजेडात करतात, अंधारात उलट त्याही हवा बिघडवतात. हे दुसरे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे बहुतेकांना त्याचाच विसर पडला.

मोलकरीण आणि रसायनशास्त्रज्ञ

१८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वरचेवर आणणे अवघड, म्हणून त्यांनी एक उपाय काढला. घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी बसून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. रोजचा हा उपद्व्याप अर्धा-पाऊण तास चाले. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशैवालही ठेवले.

जवळपास त्याच काळात लंडनचेच रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन गोड्या पाण्यावर प्रयोग करीत होते. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. त्यांनी मग पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो वनस्पती घेते; वनस्पती प्राणवायू सोडते, तो मासा घेतो; घाण गोगलगाय साफ करते. असे हे सुरेख चक्र वॉरिंग्टन यांनी १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यातून 'समतोल मत्स्यपेटी'ची कल्पना रूढ झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडात घरोघरी मत्स्यपेट्यांचे वेड पसरले.

चक्र खरेच होते, पण अपुरे होते. पेटीत मासे जास्त झाले, ऊन कमी पडले किंवा रात्र झाली की हिशेब चुकतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. आपल्याकडे हिरव्यागार शेततळ्यातले मासे पहाटे, विशेषतः ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे, वर येऊन तोंडे उघडतात ते याच कारणाने.

दुकानदाराने काढलेला धडा

विल्यम अल्फर्ड लॉइड हे मत्स्यपेट्या आणि सागरी जीव विकणारे लंडनचे दुकानदार. किती पेट्या जगतात आणि किती बिघडतात, हे त्यांना रोज दिसे. प्राणवायूचा मोठा साठा वनस्पतीत नसून पेटीच्या वर पसरलेल्या हवेत आहे आणि तो पाण्यात उतरण्याचे दार म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, असा विचार त्यांच्या रचनेत दिसतो. पाणी उथळ आणि पसरट हवे आणि ते हलते हवे. १८६४ साली हॅम्बुर्गच्या आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्यांनी ही पद्धत वापरली. खाली थंड, अंधाऱ्या हौदात पेट्यांच्या कित्येक पट पाणी असे आणि यंत्राच्या जोरावर ते सतत वर-खाली खेळत राही. मोलकरीण हाताने करीत होती तेच काम आता यंत्र करू लागले.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले आणि पुढे करोनाकाळात बंद झाले. काचेमागचे मासे सर्वांना आठवतात. अशा कोणत्याही मोठ्या मत्स्यालयाचा प्राण मात्र काचेच्या मागच्या बाजूला, अहोरात्र पाणी खेळवणाऱ्या पंपांत असतो.

आकडे काय सांगतात?

१८८८ साली बुडापेस्टच्या लायोश विंक्लर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने विरघळलेला प्राणवायू मोजण्याची सोपी अनुमापन पद्धत दिली. ती आजही महाविद्यालयांत वापरतात. अशा मापनांतून कळते, की हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात १० अंश सेल्सियसला सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना फक्त ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पस्तीस पटींहून जास्त.

आता आमची चूक कोठे झाली ते पाहा. तापमान वाढले की पाण्यातला प्राणवायू घटतो, पण माशाची गरज मात्र वाढते. दहा अंशांच्या वाढीला ती साधारण दुप्पट होते. वॉरिंग्टन यांचा प्रयोग लंडनच्या थंड हवेतला आणि मासे दोनच. आमची पेटी राहनाळच्या मार्चमधली, मासे सहा आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला. त्यात खाद्य टाकून आम्ही कुजण्याची सोय केली. कुजवणारे जिवाणूही प्राणवायूच वापरतात. आणि रात्री हायड्रिला मदतनीस उरला नाही, वाटेकरी झाला.

पंपाचे बुडबुडे पाण्यात प्राणवायू 'भरतात' हा समजही तपासून पाहावा. बुडबुडा क्षणात वर येऊन फुटतो, तेवढ्यात फार थोडा वायू विरघळतो. तो खालचे पाणी ढवळून वर आणतो आणि पृष्ठभाग हलता ठेवतो, हे त्याचे मुख्य काम. स्थिर पाण्यात वरच्या थरातला प्राणवायू आपणहून तळाशी पोचायला फार वेळ लागतो.

वर्गात एक सोपे गणित घालावे. २४ सेंटिमीटर व्यासाचे गोल काचभांडे निम्मे भरले, तर पृष्ठभागाचा व्यास २४ सेंटिमीटर. तेच १२ सेंटिमीटर रुंदीच्या गळ्यापर्यंत भरले, तर १२. व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ चौथाई! पाणी जवळजवळ दुप्पट झाले आणि हवेचे दार मात्र चौथाईवर आले.

वीज गेल्यावर काय करावे?

झाकण काढावे. खाद्य देऊ नये. भांडे गळ्यापर्यंत भरलेले असेल तर थोडे पाणी काढून पृष्ठभाग रुंद करावा. मासे फार असतील तर काही पसरट घमेल्यात, त्याच पेटीतल्या पाण्यात हलवावेत. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर तो बंद पडताच नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून हळूहळू परत ओतत राहावे.

आता वीज गेली की आमच्या प्रयोगशाळेत मुलांच्या पाळ्या लागतात. एकजण तांब्याने पाणी ओततो, दुसरा घड्याळ धरतो आणि तिसरी मुलगी माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडझाप करतात ते मोजून वहीत लिहिते. ओतण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की पंपाशिवायही काय साधते ते मुलांना आपोआप दिसते. लंडनच्या त्या खिडकीपाशी जे चालत होते तेच हे काम आहे. आपल्या शाळेतही करून पाहा. आणि पेटीत मासे सोडण्यापूर्वी तिचा पृष्ठभाग जरूर मोजा.