परगावचं पाणी

परगावी गेलेल्या माणसाला काय बाधेल याचा नेम नाही, पण दोष मात्र तो नेहमी पाण्याला देतो. लग्नात पंधरा जिलब्या रिचवलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो आणि म्हणतो, "तुमच्या गावचं पाणी बाधलं हो!" यजमानही बिचारा मान डोलावतो. माझ्या मते हे वाक्य छातीठोकपणे म्हणायचा अधिकार एकट्या तारामाशाला आहे.

हे ज्ञान मला झालं ते शेजारच्या भाऊंमुळे. त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. नवा तारामासा आला की त्याचं कोडकौतुक बघावं! आधी त्याची बंद पिशवी पंधरावीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतबाहेरची ऊब सारखी होते. मग पिशवीतल्या पाण्यासकट पाहुणा बादलीत. टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडायची, तिला गाठ मारायची, आणि सेकंदाला दोनतीन थेंब पडू द्यायचे. पाणी दुप्पट झालं की निम्मं काढून टाकायचं, पुन्हा दुप्पट होऊ द्यायचं. असे दोन तास! शेवटी पाहुणा टाकीत जातो. बादलीतलं पाणी मोरीत. भाऊ घड्याळ घेऊन थेंब मोजत असतात. वहिनी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आम्ही सासरी आलो तेव्हा कुणी एवढे थेंब मोजले नव्हते!" भाऊंचा हिशेब तिथेच चुकला.

पण भाऊंचंही बरोबर आहे. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मासा अंगातला खारेपणा आपल्या मापाने राखतो. तारामासा, समुद्रफूल, पोवळं यांना ती सोय नाही. बाहेर जेवढं खारट, तेवढंच आत. एकदम कमी खारट पाण्यात टाकलं की ते पाणी त्यांच्या पेशींत घुसतं आणि त्या फुगतात. म्हणजे पाणी अक्षरशः बाधतं.

समुद्र घरात आणायची ही हौस तशी जुनी. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलियेलसाहेबांनी 1828 साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचलून एडिंबरोला आणलं. त्याला पाणी बाधू नये म्हणून त्यांनी सरळ समुद्राचं ताजं पाणीच घरी आणवायचा रतीब लावला. साहेब 1851 साली वारले. समुद्रफूल 1887 पर्यंत जगलं. त्याला सगळे 'ग्रॅनी' म्हणत. आजीबाई गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती!

पण समुद्र लांब असेल तर? 1846 साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली. प्रवासात ती आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने स्पंजाला टाचली आणि बरणीत ठेवली. लंडनमध्ये नवं पाणी आणायचं कुठून? बाईंनी जुनंच पाणी जिवंत ठेवायचं ठरवलं. ते उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात, त्यातून पुन्हा यात, असं रोज अर्धा-पाऊण तास ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रातलं शेवाळ सोडलं. तेही हवेचं काम करू लागलं.

पुढे फिलिप गॉस या गृहस्थांनी समुद्र घरीच शिजवायची पाककृती दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड. त्यातही आधी शेवाळ सोडायचं, काही दिवस जाऊ द्यायचे आणि मगच पाहुणे बोलवायचे. 1854 साली त्यांचं 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक निघालं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांतून समुद्र नांदू लागले.

आज पाण्यात हवा मिसळायला विजेचा पंप आहे. बटण दाबलं की बुडबुडे. पण थिनबाईंच्या घरी पंप नव्हता, मोलकरीण होती. बाईंची हकीकत 1859 साली छापून आली. त्यात हे काम दमवणारं आहे हे त्यांनी कबूल केलंय, पण पुढे लिहिलंय, की आमच्या छोट्या मोलकरणीला त्याची मौज वाटायची. लंडनचा हिवाळा, उघडी खिडकी आणि हातात समुद्राचं गार पाणी. पोवळी जगली, बाईंचं नाव झालं. मौज वाटायची हे मालकिणीने लिहिलंय. त्या पोरीला कुणी विचारलेलं दिसत नाही.