एक किताब, दोन गदा

कुस्तीतील किताबाचा इतिहास लिहू लागले की विजेत्यांच्या यादीआधी किताबाच्या स्वरूपाचा प्रश्न उभा राहतो. किताब ही एका मल्लाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारी वस्तू आहे, की मल्लाच्या नावाला कायमची जोडली जाणारी एका वर्षाची नोंद? 'महाराष्ट्र केसरी'च्या साठाहून अधिक वर्षांच्या वाटचालीत या प्रश्नाला मिळालेले उत्तर इतर काही परंपरांहून वेगळे आहे. अलीकडे या किताबाभोवती माजलेल्या कलहाचे मूळही बरेचसे त्या उत्तरातच सापडते.

तुलनेसाठी जपानकडे पाहू. युद्धोत्तर जपानमध्ये व्यावसायिक कुस्ती लोकप्रिय केली ती रिकिदोझान या मल्लाने. तो मूळचा कोरियातला. १९५८ मध्ये त्याने लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून 'इंटरनॅशनल' किताबाचा पट्टा मिळवला. डिसेंबर १९६३ मध्ये चाकूहल्ल्यातील जखमेमुळे त्याचा मृत्यू झाला आणि पट्टा निराधार झाला. १९६५ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले व तो जायंट बाबाकडे आला. पुढे १८ एप्रिल १९८९ रोजी जंबो त्सुरुताने स्टॅन हॅन्सनचा पराभव केला, तेव्हा हा पट्टा आणि हॅन्सनकडचे दोन पट्टे असे तीन किताब एकत्र आले. व्यावसायिक कुस्तीतील निकाल आधी ठरवलेले असतात, हे आता सर्वज्ञात आहे. तरीही तेथील किताबाला एक निश्चित वंशावळ आहे. पट्टा ज्याच्याकडे आहे त्याला हरवल्याशिवाय तो मिळत नाही, आणि तो टिकवायचा तर पुन्हा पुन्हा लढावे लागते.

आपल्याकडची कुस्ती खरी, पण किताबाची रीत निराळी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि 'महाराष्ट्र केसरी'ची आज प्रमाण मानली जाणारी यादी १९६१ पासून सुरू होते, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. नव्या राज्याला भाषेइतकीच स्वतःच्या मानचिन्हांचीही गरज होती. त्यापूर्वीच श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये आणि गणपतराव आंदळकर १९६० मध्ये 'हिंद केसरी' झाले होते. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. त्यांच्याच वजनगटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेले होते. मल्लांची वाण नव्हती. वाण होती ती साऱ्या राज्याच्या तालमींना एका फडावर आणणाऱ्या व्यासपीठाची. ती भरून काढली मामासाहेब मोहोळ ज्यांचे आधारस्तंभ होते त्या कुस्तीगीर परिषदेने. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. पुढे मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी चांदीची गदा हीच या किताबाची दृश्य खूण बनली.

परिषदेने हा फड एका गावाला बांधून ठेवला नाही. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीचे माहेरघर ठरलेल्या कोल्हापुरात, खासबागेच्या मैदानात, दरवर्षी स्पर्धा भरवणे सोपे होते. पण ती धुळ्याला गेली, अमरावतीला गेली, खामगावला गेली. या फिरस्तीत ती रायगडच्या किनारपट्टीवरही पोहोचली. १९७१ मध्ये अलिबागला दादू चौगुले यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा हा मान मिळवला. आदल्या वर्षी पुण्यात ते पहिल्यांदा विजेते ठरले होते. १९८० मध्ये खोपोलीला इस्माईल शेख आणि २०१० मध्ये रोह्याला समाधान घोडके महाराष्ट्र केसरी झाले. पहिल्या दोन स्पर्धा भरल्या तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले.

कोकणच्या या पट्टीचा खेळ म्हणजे कबड्डी. भातशेतीच्या आणि मिठागरांच्या या दमट प्रदेशात घाटावरच्यासारखी तालमींची दाट परंपरा रुजली नाही. विजेत्यांच्या यादीत कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नगर या पट्ट्याचा वरचष्मा दिसतो. असे असताना हा फड समुद्रकाठी का भरावा? मला वाटते, या किताबाच्या नावातला 'महाराष्ट्र' हा शब्द खरा व्हायचा तर मल्ल नसलेल्या गावांनीही तो पाहणे आवश्यक होते. जिंकणारा करवीरचा आणि टाळ्या वाजवणारा अलिबागचा, या दोघांच्या संमतीतून किताब राज्याचा झाला.

त्या तीन विजेत्यांची पुढची वा घरची गोष्टही बोलकी आहे. आंदळकरांच्या तालमीत घडलेल्या दादू चौगुले यांनी १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले; त्यांचे चिरंजीव विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख घराण्याकडे इस्माईल यांच्यानंतर हा मान १९९२ मध्ये आप्पालाल आणि २००२ मध्ये मुन्नालाल यांच्या रूपाने पुन्हा आला. यादीवर नजर फिरवली तर दीनानाथ सिंह, लक्ष्मण वडार, सईद चाऊस, नरसिंग यादव, बाला रफिक शेख अशी नावे भेटतात. जात, धर्म, मूळ गाव यांची विचारपूस आखाड्यात झाली नाही. सामाजिक एकोप्यावरील कोणत्याही भाषणापेक्षा ही यादी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

याच यादीत रिकामी वर्षेही आहेत. १९६३ आणि १९७७ साली कोणी केसरी नाही. १९८९ ते १९९१ ही तीन वर्षेही कोरीच आहेत. जपानचा पट्टा रिकिदोझानच्या मृत्यूनंतर निराधार झाला तेव्हा 'आता तो कोणाचा' हा प्रश्न उरला. आपल्याकडे रिकाम्या वर्षाने असा प्रश्न निर्माण केला नाही, कारण आधीच्या केसरीकडून कोणी काही हिरावून घेणार नव्हते. एकदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल आयुष्यभर महाराष्ट्र केसरी. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी सलग तीनदा गदा उचलली, तीही दरवर्षी नव्याने जिंकून. पुढच्या वर्षी मैदानात न उतरणाऱ्याचाही किताब अबाधित राहतो.

ही रीत उदार आहे, पण तिच्यात एक कमकुवत दुवा आहे. पट्ट्याच्या परंपरेत अधिकार मागच्या विजेत्याकडून पुढच्याकडे येतो. आपल्या परंपरेत तो दरवर्षी स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेकडून येतो. संस्था एक आहे तोवर किताब एक. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली, आणि त्यानंतर दोन संस्था स्वतःला अधिकृत म्हणवू लागल्या. परिणाम नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसला. पुणे जिल्ह्यातील फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत पराभूत केले. त्याच महिन्यात धाराशिवच्या दुसऱ्या स्पर्धेत हर्षवर्धन सदगीरला हरवून राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात एकच मल्ल एका फडावर उपविजेता आणि दुसऱ्यावर केसरी! पट्ट्याची परंपरा असती तर फुलगावच्या एका कुस्तीने प्रश्न मिटला असता. येथे तो मिटवणारी कुस्तीच शक्य नव्हती, कारण दोन्ही गदा आपापल्या जागी वैध होत्या.

२०२५ मध्येही दोन विजेते झाले: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरला तर उपांत्य लढतीतील वादग्रस्त निर्णयानंतर राक्षेने पंचांना लाथ मारली. तो आणि अंतिम लढतीतील महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचांवर हात किंवा पाय उगारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण मल्लाचा संताप कोठून येतो हेही समजून घ्यायला हवे. या गदेमागे शासनाचे मानधन असते, जत्रेच्या फडांवरील इनामाची पायरी असते, प्रसंगी सरकारी नोकरीही असते. यादव आणि चौधरी दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. कोरडवाहू शेतीतल्या घराने दूध, बदाम आणि खुराकावर केलेला अनेक वर्षांचा खर्च पंचाच्या एका इशाऱ्यावर अवलंबून राहतो. त्या इशाऱ्यामागची संस्थाच वादग्रस्त असेल, तर निर्णय बरोबर असूनही तो पटत नाही.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. किताबाला अजून नवे अर्थ फुटू शकतात, याची ही साक्ष आहे. म्हणूनच त्याची दुफळी अधिक खटकते. जपानमध्ये आखून ठेवलेल्या कुस्तीने तीन पट्ट्यांचा एक किताब घडवला. आपल्या निकाली कुस्तीच्या वाट्याला एका गदेच्या दोन गदा आल्या. यात दोष माती किंवा गादीवर घाम गाळणाऱ्यांचा नाही. किताब जोडण्याचे काम मल्ल करू शकत नाहीत, कारण या किताबाची मालकी कधीच त्यांच्याकडे नव्हती. ती संस्थेकडे विश्वस्त म्हणून सोपवली होती. ती सोपवणाऱ्यांमध्ये अलिबाग, खोपोली आणि रोह्याचे प्रेक्षकही होते. त्यांच्यापैकी कोणी आज विचारले की यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण, तर उत्तरादाखल एकच नाव सांगता यावे, एवढी माफक अपेक्षा त्यांनी करायला हरकत नाही.