डाग काढणे (रेशमी वस्त्रांवरील)

रेशमी व जरीच्या वस्त्रांवरील डाग घरगुती साधनांनी घालवण्याची क्रिया. रेशीम हा फायब्रॉइन या प्रथिनाचा तंतू आहे. त्यामुळे सुती कापडाला चालणारे बरेच उपाय त्याला बाधतात. धुण्याचा सोडा आणि कपड्यांचा साबण अल्कधर्मी असल्याने त्यांनी रेशमाची झळाळी जाते. क्लोरीनयुक्त विरंजकात तर तंतूच विरघळू लागतो. डाग चोळल्यास तो जातो, पण तेथील पोतही विसविशीत होतो. म्हणून तो कडेकडून आत टिपत न्यावा. कोणताही उपाय आधी निऱ्यांच्या आतल्या टोकावर करून रंग सुटतो का, हे पाहणे आवश्यक असते.

शिर्डीला येवल्याची पैठणी नेसून दर्शनाला गेल्यास तिला हळद, कुंकू, दिव्याचे तेल आणि उदी लागू शकते. तेथील साईबाबांच्या द्वारकामाईतील धुनीची उदी ही लाकडाची राख. ती कोरडी असताना झटकली की निघते. ओली झाली की तिच्यातील पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात उतरते व ते पाणी अल्कधर्मी बनते. शेजारीच हळद असेल, तर पिवळा डाग तांबडा होतो. कारण हळदीतील कुर्कुमिन अल्कात रंग बदलते. साबण लावताच हळदीचा डाग लाल होतो, तोही याच कारणाने. हा नवा डाग नव्हे. सौम्य आम्लाने, म्हणजे पाण्यात घातलेल्या थोड्या व्हिनेगरने, तो पुन्हा पिवळा होतो; मात्र जात नाही. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. उन्हाने ते विटते, पण रंगीत रेशीमही विटते. तेव्हा ऊन दाखवायचे ते पांढऱ्या मुकट्यालाच (सोवळ्याच्या रेशमी वस्त्रालाच), तेही थोडा वेळ. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होते. बाजारच्या कुंकवात अनेकदा कृत्रिम रंग असतात, त्यांना एकच उपाय सांगता येत नाही.

तेलाच्या ताज्या डागावर शंखजिऱ्याची पूड पसरून काही तास ठेवतात व मऊ ब्रशने झाडतात. उरलेला ओशटपणा रिठ्याच्या गार पाण्याने जातो. रिठ्यातील सॅपोनिन फेस देते, आणि जड पाण्यातही साबणासारखा साका धरत नाही. रक्ताला गरम पाणी वर्ज्य. उष्णतेने त्यातील प्रथिन साकळून धाग्यात बसते. चहाचा डाग ताजा असतानाच गार पाण्याने टिपावा. शाईबाबत घरगुती उपाय भरवशाचे नाहीत.

खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. स्वस्त जरीत तांबे किंवा प्लॅस्टिकची पट्टी. चांदी गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. तो डाग नसून धातूवरचा बदल आहे. पितळी भांडी उजळण्यासाठी वापरतात ती चिंच किंवा लिंबू जरीला लावल्यास पातळ मुलामा निघून येण्याचा धोका असतो. जरीचे काठ रिठ्याच्या पाण्यात भिजवावेत की नाहीत, याविषयी मतभेद आहेत. वाळवणे सावलीत, इस्त्री उलट बाजूने. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नये.