कुत्र्याचे जंत आणि आइसलँडची गोष्ट

कुत्र्याला जंताचे औषध दिलेत का, असे माणसांच्या डॉक्टरने का विचारावे? उत्तर आइसलँडमध्ये सापडेल. एकोणिसाव्या शतकात तिथे यकृतात पाण्याची गाठ (हायडॅटिड) झालेले रुग्ण फार असत. मेंढी घरीच कापायची आणि गाठी असलेले तिचे यकृत-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायचे, ही रीत. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून, अंगावरच्या केसांतून आपल्या हाताला आणि मग तोंडात जातात.

१८६३ मध्ये डॅनिश पशुवैद्यक हाराल्ड क्राबे तिथे गेले. तपासलेल्या १०० कुत्र्यांपैकी २८ मध्ये त्यांना हा कृमी सापडला. मग त्यांची साधी माहितीपुस्तिका घरोघर वाटली गेली. लोकांना वाचता येत होते, म्हणून ती कामी आली! पुढे कुत्र्यांना जंताचे औषध देण्याचा कायदा झाला. १९२४ मध्ये तर रेक्याविकने कुत्रे पाळण्यावरच बंदी घातली. हे मला अतिच वाटते, पण आजार मात्र हटला.

तुमच्या कुत्र्याला मटणाच्या दुकानातले कच्चे अवशेष घालू नका. आणि जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल आहे का, हे पशुवैद्यांना विचारा. गोल जंतांची प्रत्येक गोळी या कृमीवर चालत नाही.